तुम्ही विचारलेत म्हणून : मोकळी रात्र आईबरोबर चित्रपटगृहात का?

हा प्रश्न मला बरोबर काम करणाऱ्या परिचारिका विचारतात, नातेवाईक विचारतात आणि आता तुम्हीही विचारलात. रात्रपाळीच्या नोकरीत संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पूर्ण मोकळा वेळ क्वचितच मिळतो, मग तो मी आईला चित्रपटाला नेण्यात का खर्च करते? विचारणाऱ्यांचे म्हणणे असे असते, की एकाच घरात राहूनही ज्या मायलेकींची धड गाठ पडत नाही, त्यांनी अशा रात्री निवांत बोलत बसावे. दोन-अडीच तास अंधारात, एकमेकींकडे न पाहता, पडद्याकडे तोंड करून बसण्यात कसला आला सहवास? म्हणणे रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. चित्रपट पाहून झाल्यावर आमचे जे बोलणे होते ते मला फार मोलाचे वाटते, आणि घरी समोरासमोर बसून ते होत नाही, असा माझा पक्का अनुभव आहे.

मी अतिदक्षता विभागात काम करते. कोणाचा रक्तदाब उतरतो आहे, कोणाचे सलाइन संपत आले आहे, कोणता अलार्म खरा आणि कोणता नुसत्या निसटलेल्या वायरमुळे वाजतो आहे, हे रात्रभर पाहत राहायचे असते, आणि ती नजर घरी आल्यावर उतरवून ठेवता येत नाही. आईसमोर बसले की माझ्या तोंडून आधी प्रश्नच निघतात. गोळ्या घेतल्यास का, डोळ्यांत थेंब टाकलेस का, गुडघा कसा आहे? तीही मला तेच विचारते. जेवलीस का, किती तास झोपलीस, आज डोळे का लाल दिसतात? हे सारे मायेपोटीच असते, परंतु त्यात आम्ही दोघी एकमेकींची तपासणीच करत राहतो आणि तपासणी संपली की बोलणेही संपते. चित्रपटगृहात आम्हाला तिसराच विषय मिळतो. तिथे तिचा गुडघा नाही, माझी झोप नाही. पडद्यावरच्या कोणाचे तरी काहीतरी बिनसलेले असते आणि त्याचे पुढे काय होणार, हे आम्हा दोघींनाही सारखेच ठाऊक नसते. तिच्याहून अधिक काही मला माहीत नाही, अशी अवस्था आमच्यात आता फार थोड्या वेळा येते, आणि ती मला हवी असते.

वेळेचा हिशेबही त्यात आहे. सतत रात्रपाळी करणाऱ्याचे शरीर सुट्टीच्या रात्रीही लवकर झोपायला तयार नसते. सगळे घर निजल्यावर मी एकटीच टक्क जागी असते, तर आईचा दिवस माझ्या झोपेच्या वेळी सुरू होतो. संध्याकाळचा खेळ ही आमच्या दोन घड्याळांमधली एकमेव अशी जागा आहे, जिथे तीही ताजीतवानी असते आणि मीही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. चित्रपट तर आता घरी दूरदर्शन संचावर, मोबाइलवरही दिसतो, मग एवढी यातायात कशासाठी? या संदर्भात मला चित्रपटाच्या आरंभीची एक गोष्ट नेहमी महत्त्वाची वाटते. १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या किनेटोस्कोपची दालने लोकांसाठी खुली झाली, तेव्हा हलती चित्रे एका पेटीत डोकावून पाहावी लागत, आणि एका वेळी एकच माणूस ती पाहू शके. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जो खेळ केला, त्यात जेमतेम मिनिटभराचे दहा चित्रपट होते, पण ते पडद्यावर होते आणि अनोळखी माणसे शेजारी शेजारी बसून ते पाहत होती. एकत्र पाहणे हा चित्रपटाचा नंतर चिकटलेला गुण नाही. पेटीतून पडद्यावर येण्याचे कारणच ते आहे. मोबाइलवर चित्रपट पाहणे म्हणजे पुन्हा त्या पेटीत डोकावणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय घरी चित्रपट थांबवता येतो, आणि थांबवता येतो म्हणून तो थांबवला जातोच. कोणाचा तरी फोन येतो, दार वाजते, आई मध्येच उठून काहीतरी आवरायला लागते. चित्रपटगृहात ती उठत नाही. तिच्या हाताला दोन तास काम नसते, हे दृश्य मला दुसरीकडे कुठेही पाहायला मिळत नाही.

मात्र उतारवयातल्या माणसाला चित्रपटाला न्यायचे तर थोडी पूर्वतयारी लागते, आणि ती नीट केली नाही तर ‘मला काही कळत नाही, तूच जा’ हे वाक्य ऐकावे लागते. वयाबरोबर कान मंदावतात ते सरसकट मंदावत नाहीत. आधी उंच पट्टीतले बारीक आवाज हरवतात. भाषेतले स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले असल्यामुळे ऐकू येतात. स, श, फ यांसारखी व्यंजने मात्र उंच पट्टीतल्या क्षीण ध्वनींवर ओळखली जातात, ती निसटतात. म्हणून आईला आवाज येतो, पण शब्द लागत नाही, आणि आवाज नुसता मोठा केल्याने ते दुखणे बरे होत नाही. चित्रपटगृहात संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. आवाज आरपार यावा म्हणून पडद्याला बारीक छिद्रे असतात. भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले, तर बाजूच्या स्पीकरमधला पाऊस, गर्दी आणि पार्श्वसंगीत त्या संवादांवर चढते. म्हणून आमची जागा मधल्या भागात, पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर असते. ध्वनीचे मिश्रण करणारे तंत्रज्ञही बहुधा तशाच जागी बसून आवाज जुळवतात. खालच्या ओळीत संवाद लिहून येणारा खेळ मिळाला, तर तो मी आधी निवडते, चित्रपट आमच्या भाषेतला असला तरीही.

डोळ्यांचेही तसेच आहे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला तरुण माणसालाही २० ते ३० मिनिटे लागतात. उतारवयात त्याहून अधिक वेळ लागतो आणि डोळ्याची बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. दिवे मालवल्यानंतर पायऱ्या चढत जागा शोधणे आईसाठी धोक्याचे आहे, त्यामुळे आम्ही दिवे चालू असतानाच जाऊन बसतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळीच घेते, म्हणून मध्येच उठण्याची वेळ बहुधा येत नाही. तरीही ओळीच्या अगदी मधोमध बसण्यापेक्षा मधल्या भागातलीच, पण वाटेकडची खुर्ची तिला देते, म्हणजे कोणाचे पाय ओलांडावे लागत नाहीत. एवढे केले की मी परिचारिकेचे काम संपवते आणि प्रेक्षक होते.

आता जे सांगायचे आहे ते आईच्या नजरेबद्दल. तिने आयुष्यभर कपडे शिवले. पडद्यावर माणूस आला की तिची नजर चेहऱ्याआधी त्याच्या खांद्यावर जाते. बाही खांद्यावर बसली आहे की घसरली आहे, अस्तर आहे की नाही, गरिबाचा म्हणून दाखवलेला सदरा नवा शिवून मग मळवलेला आहे की खरोखर वापरून झिजलेला, हे तिला लगेच दिसते. झिजलेल्या कपड्याची कॉलर घडीवर आधी विरते, कोपरापाशी कापड पातळ होते. नुसता मातीत घोळवलेला कपडा सगळीकडे सारखाच मळतो, हे तिने मला दाखवून दिले. एका भांडणाच्या प्रसंगात नायिकेच्या गळ्याचे बटण उघडे, लगेच पुढच्या चित्रात लावलेले आणि त्यानंतर पुन्हा उघडे होते. मी भांडणात गुंतले होते. आईने माझ्या मनगटावर बोट टेकवून ते पाहायला लावले. चित्रपटाचे चित्रीकरण सलग होत नाही, एकच प्रसंग अनेकदा तुकड्यातुकड्यांत घेतला जातो आणि वेशभूषेची नोंद ठेवणाऱ्याच्या हातून अशी गोष्ट सुटते, हे मला वाचून माहीत होते. तिने ते नुसत्या डोळ्यांनी ओळखले, आणि तिच्या हुशारीचा मला जो अभिमान वाटला तो आजही तसाच आहे.

बोलणे सुरू होते ते परतीच्या वाटेवर, आणि ते बहुधा कपड्यांवरूनच सुरू होते. एका चित्रपटात विधवा बाई नवऱ्याचे कपडे कपाटातून काढते, असा प्रसंग होता. त्यावरून आईने मला तिच्याकडे आलेल्या एका बाईची हकिगत सांगितली, जी मी त्याआधी कधीच ऐकली नव्हती. ती बाई गेलेल्या नवऱ्याचे शर्ट मुलाच्या मापाचे करून घ्यायला आली होती. आईने ते उसवले, कापले आणि शिवणीत शक्य तितकी माया (जादा कापड) सोडली, म्हणजे मुलगा वाढेल तसे ते शर्ट पुन्हा मोठे करता यावेत. पुढे दरवर्षी तो मुलगा ते शर्ट घेऊन येत असे आणि आई एकेक शिवण उसवून देत असे; शेवटी सोडलेले सगळे कापड वापरून झाले, तेव्हा त्याने ते घेऊन येणे बंद केले. आई हे अगदी सहज सांगत होती. ‘जुन्या गोष्टी सांग’ म्हणून मी घरी तिला किती वेळा विचारले असेल, पण अशा विचारण्याला ती ‘काय सांगायचे त्यात’ एवढेच उत्तर देते. तिला आठवायला निमित्त लागते आणि आम्ही दोघींनी मिळून नुकतेच पाहिलेले निमित्त सर्वांत चांगले लागू पडते.

सध्या आमच्यात एका शेवटावरून वाद चालू आहे. घर सोडून गेलेली मुलगी कित्येक वर्षांनी दारात येऊन उभी राहते आणि दार उघडण्याआधीच चित्रपट संपतो. ती आत न जाता माघारी वळली असणार, असे मला वाटते, कारण संपूर्ण चित्रपटभर ती प्रत्येक दारातून परतलेली आहे. आईला हे मुळीच मान्य नाही. तिचे म्हणणे असे, की त्या मुलीने हातातली पिशवी खाली ठेवली होती, आणि परत जायचे असलेला माणूस पिशवी खाली ठेवत नाही. मी म्हटले की तिचा हात अवघडला असेल. त्यावर ती दिवसभर काही बोलली नाही, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावरून आले तेव्हा तिने दारातच सांगितले, की पिशवी उजव्या हातातून खाली ठेवली होती आणि कडी उजवीकडेच होती.