गुडघ्यातलं इंजेक्शन घेताना

शेजारच्या वहिनी गुडघ्यातल्या इंजेक्शननंतर आठवड्याभरात जिने चढायला लागल्या, तेव्हापासून घरच्यांनी माझ्यामागे लकडा लावला होता. माझाही उजवा गुडघा झिजलेला, व्यायाम चालू, पण सूज आली की रात्री कूस बदलणंही नको व्हायचं. तरी मी अडून बसले होते, कारण वहिनींचा पुढचा सल्ला पचत नव्हता: "दर तीन महिन्यांनी टोचून घ्यायचं, बस्स."

डॉक्टरांना सरळ विचारलं, सिरिंजमध्ये काय काय असतं? "काकू, दोन औषधं. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड सुजेसाठी, आणि दुसरं बधिर करणारं." दुसऱ्यावर मी जास्त खोदलं, कारण माझी भाची भूलतज्ज्ञ आहे आणि तिने आधीच बजावलं होतं. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. तिथल्या पेशी मेल्या तरी कळत नाही आणि झालेली हानी नीट भरून येत नाही. प्रयोगशाळेत ब्युपिव्हाकेन, लिग्नोकेन ही बधिर करणारी औषधं या पेशींना घातक ठरतात. औषध जितकं तीव्र आणि जितका वेळ लागून राहील, तितकं वाईट. रोपिव्हाकेन त्या मानाने सौम्य. ऑपरेशननंतर पंप लावून दोन-तीन दिवस सांध्यात असं औषध सोडलेल्या रुग्णांची कूर्चा नष्ट झाल्याच्या तक्रारी अमेरिकेत आल्या, बहुतेक खांद्याच्या, आणि २००९ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, इशारा दिला. एकदाच दिलेल्या थोड्या औषधाची गोष्ट वेगळी, हे तिनेही सांगितलं होतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि रोपिव्हाकेन, तेही मोजकंच, घ्यायचं ठरलं.

स्टेरॉइडबद्दल मात्र डॉक्टर स्वतःहून बोलले. २०१७ मध्ये अमेरिकेत १४० रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी, काहींना हेच स्टेरॉइड आणि काहींना नुसतं सलाइन. स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिमी पातळ झाली, सलाइनवाल्यांची ०.१०, दुखण्यात म्हणावा असा फरक नाहीच. वहिनींचं वेळापत्रक तिथेच निकालात निघालं.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, वर तपकिरी बेटाडीनचे गार फटकारे. आधी साचलेलं पिवळसर पाणी ओढून काढलं, मग त्याच सुईतून औषध. दुखलं कमी, दडपण जास्त. घरी चालत आले तेव्हा वाटलं, काय जादू आहे! ती बधिरपणाची जादू, रात्री उतरली आणि गुडघा ठणकला. बर्फ लावून पडून राहिले. दोन दिवसांनी खरा आराम पडला. मला मधुमेह आहे, त्यामुळे साखर काही दिवस चढलेली राहणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून घाबरलेच असते.

आराम काही आठवडे टिकला. आता पुन्हा सूज आहे, पण दुसरं इंजेक्शन नाही. दिवाळीनंतर सांधा बदलायचं चाललंय, आणि ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत सांध्यात स्टेरॉइड गेलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तोवर व्यायाम, बर्फ आणि वहिनींची नाराजी.