३४ खुर्च्या

जुन्या लाकडी खुर्च्या सांधून, विणून, पॉलिश करून द्यायच्या, एवढाच माझा व्यवसाय. कर्जासाठी त्याचा आराखडा मागितला गेला आणि पहिले नऊ दिवस मी एक ओळही न लिहिता साधनं शोधत बसलो.

सुरुवात केली ती मासिक वर्गणी भरून वापरायच्या एका आराखडा-सॉफ्टवेअरपासून. ते प्रश्न विचारतं, आपण उत्तरं भरायची. पहिलाच प्रश्न ध्येयवाक्याचा! एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. पुढच्या प्रश्नांवरून लक्षात आलं की हे गुंतवणूकदार शोधणाऱ्यांसाठी बनवलंय. पाच वर्षांनी कंपनी विकायची योजना काय, असं त्यात होतं. मला पुढच्या मार्चची खात्री नव्हती. शिवाय त्यातली आकडेमोड दिसत नव्हती. उत्तर यायचं, पण कुठून आलं ते कळायचं नाही.

मग वर्ड प्रोसेसरमधला तयार साचा घेतला. त्यातली चाळीस पानं भरण्याचा कंटाळा आला म्हणून एआय चॅटबॉटला कामाला लावलं. 'बाजारपेठेचं विश्लेषण' त्याने झोकात लिहून दिलं, टक्केवारीसकट. ती टक्केवारी कुठली म्हणून शोधायला गेलो, तर एकाही आकड्याचा मूळ स्रोत सापडेना. तो भाग पुसून टाकला. पुढे त्याचा उपयोग केला तो फक्त माझी लांबलेली वाक्यं छाटायला, आणि ते काम तो चांगलं करतो.

कागदावर मात्र काहीतरी हाती लागलं. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांचा 'बिझनेस मॉडेल कॅनव्हास' म्हणजे एका पानावर नऊ चौकटी: ग्राहक कोण, त्यांना काय देणार, पैसे कुठून येणार, खर्च कशावर, वगैरे. अ‍ॅश मौर्य यांनी त्यातल्या काही चौकटी बदलून 'लीन कॅनव्हास' केला. त्यात 'ग्राहकाची अडचण' हा वेगळा रकाना आहे. मी दुसरा घेतला, कारण त्या रकान्यात लिहिताना सुचलं की लोकांची खरी अडचण खुर्ची मोडण्याची नाहीच, ती उचलून कुणाकडे न्यायची ही आहे. तिथे माझ्या कामात ने-आण शिरली. पण ने-आण म्हणजे खर्च, आणि कॅनव्हासच्या चौकटीत बेरीज होत नाही.

म्हणून शेवटी साधी स्प्रेडशीट उघडली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर आणलं, तेव्हापासून या साधनाचं मर्म तेच: एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतात. ब्रिकलिन यांना ही कल्पना व्यवसाय-व्यवस्थापन शिकत असताना सुचली होती. आराखडा लिहिणाऱ्याला ते ऐकून नवल वाटणार नाही.

पहिलं गणित ना-नफा-ना-तोट्याचं, म्हणजे महिन्याला किती खुर्च्या केल्या की खर्च भरून निघतो. खुर्चीच्या दरातून सामान आणि वाहतूक वजा केली की साठ टक्के उरत होते. महिन्याच्या स्थिर, म्हणजे काम असो-नसो होणाऱ्या खर्चाला त्या उरलेल्या रकमेने भागलं. उत्तर आलं ३४. आम्ही दोघं मिळून महिन्याला फार तर ३२ खुर्च्या करू शकतो. म्हणजे हातात भरपूर काम असूनही तोटा. दर एक दशांशाने वाढवून पाहिला, तर आकडा ३० वर आला. नऊ दिवसांत जे कळलं नव्हतं, ते या एका गणितात दिसलं, आणि थोडी भीतीही वाटली.

दुसरं पान रोकडीचं, महिनावार. नफ्याचं पान बरं दिसत होतं, पण एका मोठ्या ग्राहकाची उधारी ४५ दिवसांची आणि लाकूड-वेत मात्र रोखीने. तिसऱ्या महिन्यात शिल्लक उणे. निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची, असं धरून पुन्हा मांडलं, तेव्हा ती शून्याच्या जरा वर राहिली. मग कर्जाची रक्कमही बदलली. यंत्रासाठी मागणार होतो त्यातला बराच भाग खेळत्या भांडवलाकडे, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशाकडे वळवला.

मजकूर त्यानंतर लिहिला. सहा पानं, दोन संध्याकाळी. ध्येयवाक्य टाकलंच नाही. कर्ज विभागातल्या बाईंनी पहिली पानं भराभर उलटली आणि रोकडीच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हा ग्राहक आगाऊ द्यायला तयार आहे का?"

मी त्याला अजून विचारलं नव्हतं.