न हलणारं जहाज हलतंय असं दाखवताना

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी (ब्लॉकनी) बांधकाम करायच्या व्हिडिओ गेममध्ये बांधलेलं जहाज हलत नाही. ब्लॉक जागचे हलत नाहीत, त्यामुळे कितीही खपलात तरी हाती येते ती पाण्यात उभी केलेली इमारतच. चाच्यांचं जहाज बांधायला घेतलं तेव्हा माझी अट एकच होती: ते बघणाऱ्याला निघालेलं वाटलं पाहिजे.

मापासाठी ब्लॅकबिअर्ड या चाच्याचं खरं जहाज ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ समोर ठेवलं. १७१८ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ रुतलं आणि त्याचे अवशेष १९९६ मध्ये सापडले. लांबी अंदाजे १०० फूट, म्हणजे तीसेक मीटर. गेममध्ये एक ब्लॉक एक मीटरचा, तेव्हा तीस ब्लॉक पुरायला हवेत. पण पुरत नाहीत. इथे जहाजाची भिंतसुद्धा मीटरभर जाड! आठ ब्लॉक रुंदीतले दोन भिंतींतच जातात आणि आत माणूस वळायला जागा उरत नाही. म्हणून सगळं साधारण दीडपट घेतलं. लांबी ४५, रुंदी १३. रुंदी विषम असली की डोलकाठ्या आणि नाळेचं (जहाजाच्या पुढच्या भागाचं) टोक बरोबर मधल्या ओळीत येतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सांगाड्यावर, आणि जायलाच हवा. नाळेपाशी वळण भराभर घ्यायचं, पायऱ्यापायऱ्यांनी. पायरीची लांबी आधी एक ब्लॉक, पुन्हा एक, मग दोन, तीन, पाच, आणि पुढे मधला लांब सरळ पट्टा. सगळीकडे दोन-दोनची पायरी ठेवली तर ते जहाज न दिसता टोक काढलेली पेन्सिल दिसते. बाजूही सरळ उभ्या नकोत. पाण्याच्या रेषेजवळ पोट सुटलेलं, वर डेककडे येताना एक ब्लॉक आत. पोटाखालची गोलाई उलट्या स्टेअर्सनी (पायरीच्या आकाराच्या ब्लॉकनी) छान येते.

मात्र पाण्यात ठेवलेल्या स्टेअर्स आणि स्लॅब्जमध्ये (अर्ध्या उंचीच्या ब्लॉकमध्ये) पाणी राहतं आणि ते आतल्या बाजूला झिरपतं. त्यामुळे पाण्याखाली आतून पूर्ण ब्लॉकचं अस्तर दिलं, स्टेअर्स फक्त बाहेर. मग स्पंज टाकून आतलं पाणी शोषून घेतलं. सगळं साहित्य हवं तेवढं मिळणारा क्रिएटिव्ह मोड असल्याने स्पंजची चणचण नव्हती.

लाकूड म्हणाल तर खाली डार्क ओक, वर स्प्रूस, कठड्याला कुंपण. तोफांच्या खिडक्यांना ट्रॅपडोअर (झडप) आणि आत तोफेच्या जागी डिस्पेन्सर, म्हणजे वस्तू बाहेर फेकणारा ब्लॉक. यात फार डोकं लावावं लागत नाही.

खरी गंमत शिडांची. पांढऱ्या लोकरीचं सपाट शीड भिंतीसारखं दिसतं. म्हणून प्रत्येक शिडाचा मधला भाग दोन-तीन ब्लॉक नाळेच्या दिशेने फुगवला, कडा आडव्या दांडीजवळ ठेवल्या. म्हणजे वारा मागून येतोय. आणि इथेच बहुतेक जहाजं फसतात: शिडं पुढे फुगलेली, पण डोलकाठीवरचा झेंडा मागे फडफडतोय! एकाच जहाजावर दोन वारे कसे वाहतील? मी झेंडा काळ्या लोकरीचा केला आणि तोही नाळेकडेच उडवला.

कवटी मात्र लोकरीच्या ब्लॉकमधून एवढ्या लहान जागेत नीट येत नाही. त्यासाठी लूमवर (गेममधल्या मागावर) काळ्या बॅनरला, म्हणजे कापडी फलकाला, विदर स्केलेटन या गेममधल्या शत्रूच्या कवटीपासून बनणारा नमुना पांढऱ्या रंगात चढवला आणि ते बॅनर कप्तानाच्या खोलीबाहेर, मागच्या भिंतीला लटकावलं. तिथे त्याला वाऱ्याची दिशा सांभाळावी लागत नाही.