तुम्ही विचारलंत म्हणून: चौथ्या डाऊनला पंट केलाच पाहिजे का?

आमची मॅडनची ऑनलाइन लीग मी परभणीतून चालवतो, त्यामुळे रविवारी रात्री कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच: "दादा, समोरचा चौथ्या डाऊनलाही पंट करंना. हे चालतं का?" मॅडन म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम. हातात बॉल घेऊन पळतात त्याला फुटबॉल का म्हणायचं, हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही.

चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, बॉल दहा यार्ड पुढं न्यायचा. तीन डाऊनमध्ये जमलं नाही, तर बहुतेक जण चौथ्याला पंट करतात, म्हणजे लाथ मारून बॉल लांब धाडतात. न धाडता खेळलात आणि फसलात, तर बॉल तिथंच समोरच्याला. कबड्डीतली 'डू ऑर डाय' रेड आठवा. फक्त इथं ती घ्यायची की नाही हे आपण ठरवायचं.

मी एकच बघतो: धोका कुणाच्या अंगावर आहे? एक यार्ड हवाय, मैदानाच्या मध्यावर आहात, तर खुशाल खेळा. खऱ्या एनएफएलमध्येही, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, आता संघ बिनधास्त खेळतात. शेवटच्या क्वार्टरला मागे असाल तर विचारूच नका. स्वतःच्या गोलरेषेपासून वीस यार्डांवर, आठ यार्ड हवे असताना जो पंट करत नाही, तो येडा असेल, लबाड नाही. फसला की समोरच्याला आयता टचडाऊन, म्हणजे बॉल गोलरेषेपार नेऊन सहा गुण. मग तक्रार कशाची?

लबाडी म्हणजे गेममधली खोट सापडली की तिच्यावरच जगणं. एखादा पास गेमच्या बचावपटूंना अडवताच येत नाही, हे कळलं की तोच वीस वेळा. त्यात हिंमत कसली? त्यासाठी आमच्याकडं एकच प्ले, म्हणजे आखलेली चाल, सलग दोनदा चालत नाही.

आणि सामना खिशात असताना लांब पास. हे मी स्वतः केलंय. 35-7 आघाडी, शेवटचा मिनिट, आणि माझ्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, सीझनच्या हजार यार्डांना अकरा कमी. टाकला पास, झाला टचडाऊन. समोर नांदेडचा पोरगा होता, पहिलाच सीझन. हेडसेटवर एवढंच म्हणाला, "दादा, कामून?" मला उत्तर सुचलं नाही. लीगमध्ये हे नुसतं चिडवणं नसतं: आकड्यांवर गेममधल्या खेळाडूंना एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात, ते सुधारतात, गुणफरकही वाढतो. त्याचा भुर्दंड त्या सामन्यात नसलेल्या तिसऱ्याला.

24 सप्टेंबर 2023 ला खऱ्या एनएफएलमध्ये मायामीनं डेन्व्हरला 70-20 असं धुतलं. शेवटी फील्ड गोल, म्हणजे लाथेनं मारलेला तीन गुणांचा गोल, बसला असता तर 73 झाले असते आणि नियमित हंगामातला 1966 चा 72 गुणांचा विक्रम मोडला असता. त्यांचे कोच माइक मॅकडॅनियल यांनी किक घेतलीच नाही. क्वार्टरबॅकनं, म्हणजे पास टाकणाऱ्यानं, गुडघा टेकून डाव तिथंच थांबवला. आता आमचा नियम: शेवटच्या क्वार्टरला 21 ची आघाडी असली तर पास बंद, बॉल घेऊन पळायचं.

नांदेडचा पोरगा दोन आठवडे ऑनलाइन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. माझ्याशीच सामना, तो चारनं मागे, चौथा डाऊन, दोन यार्ड हवे, घड्याळात चाळीस सेकंद. मी पंटची वाट बघत नव्हतो. पळाला, तीन यार्ड काढले, आणि पुढच्या पासला माझा बचाव फाटला.

सामना संपल्यावर मी विचारलं, "कामून?" जाम हसला.