डबो गळता!

मालवण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, दोनच शिक्षक, तिसरी-चौथी माझ्याकडे. मार्चमधली गोष्ट आहे. बाष्पीभवन, संघनन हे शब्द मुलं धडाधड पाठ म्हणून दाखवतात पण आपल्या आजूबाजूच्या हवेत पाणी आहे हे त्यांना मनातून पटलेलंच नसतं, दरवर्षीचा अनुभव, म्हणून त्या दिवशी शेजारच्या घरातून बर्फ आणला, स्टीलच्या डब्यात बर्फ-पाणी घालून घट्ट झाकण लावलं आणि टेबलावर ठेवलं. पाचेक मिनिटांत डब्याला बाहेरून थेंब आले. विचारलं, हे पाणी कुठून आलं?

चौथीतला एक मुलगा, एरवी मान वर न करणारा, पटकन म्हणाला, "बाई, डबो गळता!" मडक्यातलं पाणी झिरपून बाहेर येतं तसंच हे, असं त्याचं म्हणणं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी "चूक" म्हणणारच होते, शब्द ओठावर आलेला, पण मडकं खरंच झिरपतं की! मातीला बारीक छिद्रं असतात, पोरगं रोज घरी बघतं तेच सांगतंय. मग म्हटलं, गळतोय की नाही ते कसं ओळखायचं, तुम्हीच सांगा.

कुणीतरी म्हणालं आत रंग घालूया. पोषण आहाराच्या ताईंकडून कोकमाचं आगळ आणलं, आतलं पाणी लालभडक झालं, डबा पुसून परत ठेवला, बाहेरचे थेंब मात्र स्वच्छ पांढरे. मला वाटलं झालं काम. तर तोच मुलगा उठून म्हणतो, चहा गाळताना पावडर गाळणीत राहते ना बाई, तसा रंग आत राहिला असेल आणि नुसतं पाणी बाहेर आलं असेल.

मी गप्पच झाले. नऊ-दहा वर्षांचं मूल, आणि हरकत अगदी रास्त. डी.एड.ला असताना असं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

मग किराणा दुकानवाल्यांची मुलगी म्हणाली, वजन करूया, आतलं पाणी बाहेर आलं तर वजन तेवढंच राहील, बाहेरून आलं तर वाढेल. तिच्या बाबांनी वेलची-लवंग तोलायचा छोटा काटा लगेच दिला, एक ग्रॅमसुद्धा दाखवणारा. डबा पुन्हा कोरडा पुसला, ओघळ वाया जायला नकोत म्हणून खाली ताटली, काट्यावर १४६२. मधली सुट्टी झाली तरी कुणी जागचं हललं नाही. १४६४. १४६५. प्रत्येक आकड्याला आरडाओरडा. पाऊण तासाने १४७०.

आठ ग्रॅम पाणी, आमच्याच वर्गातल्या हवेतलं! त्या मुलाने डब्यावर बोट फिरवलं, बोटाकडे बराच वेळ बघत राहिला, मग विचारलं, "मगे मडक्याचा काय?"

दुसऱ्या दिवशी तो घरून लहान मडकं घेऊन आला, पाणी भरून, पोटाशी धरून. सकाळी काट्यावर ठेवलं, झिरपलेलं पाणी हवेत उडून जात होतं, शाळा सुटेपर्यंत आकडा १८ ग्रॅमने खाली आला होता आणि तो आकडा त्याने स्वतः फळ्यावर लिहिला.