बडोद्याची सहल आणि दंडाची गोष्ट

सुरतेतल्या उधन्याच्या आपल्या मराठी शाळेत निम्मी पोरं खानदेशातली. घरी अहिराणी, वर्गात मराठी, गल्लीत गुजराती. आठवीत असताना सरांनी बडोद्याची सहल काढली. पहाटेची गाडी, डब्यात कळण्याची भाकरी नि ठेचा, रात्री परत.

लक्ष्मीविलास पॅलेस १८९० साली बांधून झाला. आत शिरल्यावर मान वर करून करून दुखली. दरबार हॉलला बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. उन्हाचे तांबडे-निळे तुकडे आमच्या पांढऱ्या शर्टांवर पडायचे आणि तांबडा आपल्या अंगावर यावा म्हणून ढकलाढकली चालायची. खाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझॅइकची फरशी आहे हे ओरडा बसला तेव्हा कळलं.

आवारातल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं. घरच्या कॅलेंडरवरचे देव ज्यांनी काढले तेच हे, म्हणून आम्ही हरखलो. विश्वामित्र-मेनकेसमोर मात्र बाईंनी "चला, चला, पुढे!" सुरू केलं. साहजिकच तेच चित्र आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

जेवायला बागेत बसलो. ही बाग लंडनच्या क्यू उद्यानातल्या गोल्डरिंग नावाच्या जाणकाराने आखलेली. आमचं लक्ष तिच्यापेक्षा भाकऱ्यांवर टपलेल्या वानरांकडे जास्त. तिथेच सरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची गोष्ट काढली. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ, १८७५ साली बारा वर्षांचा असताना दत्तक येऊन गादीवर बसला. "म्हंजे हाऊ राजा आपलाकडना शे!" मागून कोणीतरी ओरडलं आणि पुढचा अर्धा तास आम्ही सगळे राजाचे भाऊबंद होतो.

पण सरांना सांगायचं होतं ते वेगळंच. १९०६ मध्ये सयाजीरावांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आपल्या शेजारचं नवसारीही तेव्हा बडोद्याच्याच राज्यात. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड व्हायचा. माझ्या मते त्या अख्ख्या राजवाड्यात पाहण्यासारखं जे होतं, त्याहून मोठी गोष्ट ही.

माझ्या शेजारचा पोरगा भाकरीचा घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "सर, मग आमच्या आप्पांना लावा ना दंड. सुट्टीनंतर मला कापडाच्या लूमवर बसवणारेत."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्याच आठवड्यात ते त्याच्या घरी जाऊन आले. दहावीला तो माझ्याच बाकावर होता आणि गणितात माझ्या बराच पुढे.