नुसत्या बाजारपावतीवर राहू नका

गेल्या शनिवारी बाजारात माझ्या शेजारी एक नवीन पोरगी बसली होती, हाताने शिवलेल्या पिशव्या घेऊन. पावतीवाला आला, तिने पैसे दिले, पावती घडी करून नीट पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाली, "आक्का, झालं नव्हं आता लायसन?" मला एकदम माझं पहिलं वर्ष आठवलं, कारण मी पण अगदी हेच समजत होते. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

मी जुनी पितळी-तांब्याची भांडी विकते. घंगाळ, समया, पानडबे, अडकित्ते, पितळी डबे. वाडे पाडले की लोक सगळं मोडीत घालतात, त्यातलं चांगलं मी वेचून घेते, चिंचेनं घासून परत विकते. सांगलीत शनिवारचा बाजार असतो आणि इतर दिवशी आसपासच्या गावांचे बाजार, म्हणजे आठवड्यातले चार दिवस तरी मी कुठंतरी पोतं पसरून बसलेली असते.

तर पावती. ती पावती म्हणजे त्या दिवसाचं जागेचं भाडं, बस. दुसऱ्या दिवशी तिच्यावर बसता येत नाही. हे मला कळलं ते एका तालुक्याच्या गावी, तिथं पावती फाडून बसले होते तरी दुपारी अतिक्रमणवाले आले आणि दोन घंगाळं, समयांची जोडी, सात डबे ट्रॅक्टरमध्ये टाकून घेऊन गेले. मी पावती दाखवत राहिले, कुणी बघितलीच नाही. तीन आठवडे हेलपाटे मारल्यावर माल मिळाला, त्यात एक समई नव्हती. आणि समई नव्हती हे मी सिद्ध कशी करणार, माझ्याकडं काय नेलं याचा एक कागद नव्हता.

नंतर कळलं की कागद मागायचा असतो. पथविक्रेता कायदा आहे २०१४ चा, १ मे २०१४ पासून लागू. त्यात स्पष्ट आहे, माल उचलला तर त्याची यादी करायची आणि सही करून एक प्रत विक्रेत्याला द्यायची. आपण माल मागितला की नाशवंत असेल तर त्याच दिवशी, आणि माझ्यासारखा टिकाऊ असेल तर कामाच्या दोन दिवसांत परत द्यायचा, ठरलेली फी घेऊन. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर मी तिथंच यादी मागितली असती, रडत बसले नसते. जागेवरनं उठवायचं किंवा दुसरीकडं हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस पाहिजे हेपण त्याच कायद्यात आहे.

पण हे सगळं भक्कम उभं राहतं ते विक्री प्रमाणपत्रावर, ज्याला आपल्याकडं सगळे फेरीवाला कार्ड म्हणतात. शहरात बसणाऱ्यांचा महापालिका किंवा नगरपालिका सर्व्हे करते, दर पाच वर्षांनी किमान एकदा, आणि त्यात नाव आलं की नगर पथविक्रेता समितीमार्फत प्रमाणपत्र मिळतं. सर्व्हे होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत आधीपासून बसणाऱ्यांना उठवता येत नाही. त्या समितीत ४० टक्के सभासद विक्रेत्यांतनंच निवडून आलेले असावे लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका. हे आपल्या बाजारातल्या किती बायकांना माहीत आहे? मी विचारलं तर एकीलाही नव्हतं. निवडणूक कधी लागते, यादीत नाव आहे का, हे विचारायला महापालिकेत जायला पाहिजे, घरात बसून कळत नाही. प्रमाणपत्राशिवाय विक्री केली तर दंड २,००० रुपयांपर्यंत आहे तेपण लक्षात ठेवा.

आता महत्त्वाचं. अर्जात लिहून द्यावं लागतं की धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचं माणूस करणार, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही आणि हे प्रमाणपत्र किंवा जागा मी कुणाला भाड्याने देणार नाही. म्हणजे नोकरी करून फक्त सुट्टीच्या दिवशी हौसेनं स्टॉल लावणाऱ्यांसाठी हे नाही. पिशव्यावाल्या पोरीचं तसंच आहे, ती एका ऑफिसात कामाला आहे. तिच्यासारख्यांनी हॉलमध्ये किंवा लॉनवर भरणाऱ्या प्रदर्शनात टेबल घ्यावं असं मला वाटतं, कारण तिथं जागेची परवानगी आयोजकानं काढायची असते. मात्र पैसे भरायच्या आधी त्याच्याकडनं परवानगीची झेरॉक्स मागून घ्या, तोंडी "सगळं क्लिअर आहे" यावर जाऊ नका.

आणि खेड्यातल्या आठवडी बाजाराचं वेगळं, तिथं ग्रामपंचायत असते आणि हा कायदा शहरांसाठी आहे, तिथं ग्रामपंचायतीची पावती आणि ओळखीपाळखी यावरच चालतं.

बाकी कागदांचं थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी वेबसाइटवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, मी ५०० रुपये देऊन करून घेतली होती तसं करू नका. मोड, म्हणजे जुनी मोडीत निघालेली भांडी, घेताना किंवा किलोवर विकताना इलेक्ट्रॉनिक काटा वापरत असाल तर तो दरवर्षी वजनमापवाल्यांकडनं तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. मी नगावर विकते पण मोड घेताना काटा लागतोच. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग २०१८ पासून बंद आहेत, पहिल्या वेळेचाच दंड ५,००० आहे, मी पेपरात गुंडाळून देते. जीएसटी, वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत लागत नाही, आपला कुणाचा एवढा धंदा नाही. पण आपण सांगलीकर, म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटक! दुसऱ्या राज्यात जाऊन स्टॉल लावायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटीची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते, तीपण धंदा सुरू करायच्या किमान पाच दिवस आधी. स्वतः बनवलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे. कागवाड-अथणीकडं जाणाऱ्यांनी एकदा टॅक्सवाल्याला विचारून घ्या.

पण मला ज्याची खरी भीती वाटते ते जुन्या मालाचं आहे, ते कुणीच सांगत नाही. सातारा बाजूला एका वाड्याचं सामान घेतलं होतं, गोणीत भांड्यांच्या खाली तांब्याची नाणी निघाली आणि एका फडक्यात मोडी लिपीतले जुने कागद. त्यात दारावर लावलेली सांबराची शिंगंही सोबत दिली होती, "घ्या काकू, फुकट". १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात, महत्त्वाची हस्तलिखितं असतील तर ७५ वर्षं पुरतात, आणि त्यांचा व्यापार करायला पुरातत्त्व खात्याचं लायसन लागतं. नेहमीच्या वापरातला हंडा आणि दीडशे वर्षांची कोरीव मूर्ती यात फरक आहे, तो ओळखता येत नसेल तर विकायला ठेवू नका. शिंगं तर वन्यजीव कायद्यात येतात, ती विकायचीच नाहीत, फुकट मिळाली तरी नाही. मी नाणी आणि कागद त्या घरच्यांना परत दिले आणि जाणकाराला दाखवा म्हणून सांगितलं. त्या आजी कागद उराशी धरून उभ्या होत्या, त्यांच्या सासऱ्यांच्या हातचे होते म्हणे.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. माल कुणाकडनं घेतला, गाव, तारीख, काय काय घेतलं, किती दिले, आणि देणाऱ्याची सही किंवा अंगठा. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पोलिस विचारायला आले तर वही हाच आपला आधार. रात्री नऊला कुणी घासलेली समई स्वस्तात द्यायला आलं तर मी घेत नाही, कितीही छान असली तरी. एका शेजारणीनं वही ठेवायला सुरुवात केली, तिला लिहिता येत नाही, तिचा सातवीतला नातू लिहितो.

पीएम स्वनिधी, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीची केंद्र सरकारची योजना, तिचं कर्ज पण विसरू नका, पहिल्या टप्प्याला आता १५,००० मिळतात, वेळेवर फेडलं तर २५,००० आणि मग ५०,०००, आणि व्याजात ७ टक्के सबसिडी. प्रमाणपत्र नसेल तर महापालिकेकडनं शिफारसपत्र घेऊनही अर्ज करता येतो.

माझ्याकडं सगळ्या कागदांची एक प्लॅस्टिकची फाइल आहे, ती पोत्याखाली असते. पूर आला तेव्हा पहिल्यांदा तीच माळ्यावर टाकली होती. येत्या सोमवारी भाजीवाल्या मावशींना घेऊन महापालिकेत सर्व्हेच्या यादीत त्यांचं नाव आहे का बघायला जाणार आहे, त्यांच्याकडं चाळीस वर्षांच्या पावत्या आहेत, डब्यात भरून ठेवलेल्या, किती वर्षं बसतात ते दाखवायला त्या सगळ्या घेऊन यायला सांगितलंय.